सोडियमच्या खालचं घर

तक्तेमामांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली, ती सगळी ‘मामा’ या एका हाकेवर. पुढे भिंतीवरच्या तक्त्यामुळे ते तक्तेमामा झाले आणि तेच चिकटलं. हुद्दा म्हणाल तर परिचर. म्हणजे काचेची भांडी धुवायची, बर्नर पुसायचे, द्रावणं मापून बाटल्यांत भरायची, मुलांनी सांडलेलं आवरायचं, आणि फळ्यापाशी प्राध्यापक चुकले तर मुलांच्या लक्षात यायच्या आत हळूच खाकरायचं. या शेवटच्या कामाचा नेमणूकपत्रात उल्लेख नव्हता, पण घसा सगळ्यात जास्त त्यानंच बसला असं मामा सांगत.

शाळा त्यांनी दहावीच्या अलीकडेच सोडलेली. पण प्रयोगशाळेला लागून तयारीची एक खोली होती आणि तिला वर्गाच्या बाजूनं खिडकी होती. भांडी विसळता विसळता त्या खिडकीतून तोच धडा दरवर्षी ऐकला तर दगडालाही रसायनशास्त्र यावं, मामा तर दगड नव्हते. त्यातही आवर्तसारणीचा धडा सुरू झाला की ते नळ बंद करायचे. शंभरावर मूलद्रव्यं, प्रत्येकाला एकेक चौकोनी घर, आणि कोण कुठं राहतो यावरून त्याचा स्वभाव सांगता येतो, हे त्यांना फार आवडायचं. एवढी मोठी वस्ती आणि पत्त्यावरून माणूस ओळखायचा, म्हणजे काय चेष्टा आहे!

“ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो ना?” ते नव्या मुलांना सांगायचे. “इथं उलटा कारभार. आडव्या ओळीत शेजारी बदलत जातात. डावीकडचे देणारे, उजवीकडचे ओढून घेणारे, आणि अगदी टोकाचे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण उभ्या रांगेत बघा. वरचा जसा, तसाच खालचा. एका घराण्यातले.”

वर्षातून एकदा पहिल्या रांगेचा प्रयोग असे, तेव्हा तर मामांच्या अंगात यायचं. काचेच्या मोठ्या पसरट भांड्यात पाणी. लिथियमचा तांदळाएवढा तुकडा टाकला की तो कडेकडेनं फसफसत राहतो. सोडियमचा टाकला की वितळून त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा पळते. आणि पोटॅशियमचा टाकला की पाण्याला टेकताच भक्कन पेट घेतो, जांभळट ज्योत. मागच्या बाकावरचे तेवढ्यापुरते जागे व्हायचे. असं का होतं हे प्राध्यापक फळ्यावर काढून दाखवायचे, आणि ज्यांना ते कळलं नाही ते नंतर तयारीच्या खोलीत मामांकडे यायचे.

“अरे, रांगेत खाली खाली जावं तसं घर मोठं होतं,” मामा म्हणायचे. “लिथियमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीतला इलेक्ट्रॉन आईच्या नजरेत असतो. पोटॅशियमच्या घरात आई पार आत, इलेक्ट्रॉन चौथ्या खोलीत दाराशी. कुणी नुसती हाक मारली की गेलाच तो. घर जेवढं मोठं, तेवढी आईची पकड ढिली. आकार लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप येतं.”

आकार लक्षात ठेवा. हे वाक्य मामांनी किती मुलांना घोकायला लावलं असेल त्याची गणती नाही. ते आपण इथं एवढ्यासाठी सांगून ठेवतो की पुढे एका माणसाला नेमकी याचीच आठवण राहिली नाही, आणि तो माणूस कोण ते कळेलच.

आता तक्त्याची हकिगत. वर्गातला आवर्तसारणीचा जुना कागदी तक्ता कसर लागून चाळणी झाला होता. नव्याची मागणी कार्यालयात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. तेव्हा मामांनी जाड पांढरं कापड घरी आणलं. मामी शिवणकाम करायच्या. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे अंगरखे, काहीही. त्यांच्या पायमशीनचा आवाज घरात घड्याळासारखा चालू असे. मामांनी पेन्सिलीनं घरं आखली, अक्षरं काढली आणि मामींनी महिनाभर रोज दुपारी बसून प्रत्येक घराच्या चारही बाजूंना टीप घातली. देणाऱ्यांना निळा दोरा, घेणाऱ्यांना तांबडा. “एवढ्या टिपांत अख्ख्या शाळेचे गणवेश झाले असते,” असं त्या म्हणाल्या, पण म्हणत म्हणत एकही टीप वाकडी जाऊ दिली नाही. तो तक्ता वर्गात अठरा वर्षं टांगलेला होता. मामा निवृत्त झाले तेव्हा प्राचार्यांनी तोच गुंडाळून त्यांच्या हातात दिला, आणि तो घरी मामींच्या मशीनवरच्या भिंतीवर लागला.

मामांचा एक कायदाही सांगायला हवा. बाटलीवर चिठ्ठी हवीच. चिठ्ठीवर आत काय आहे ते, तारीख, आणि खाली दोन सह्या: भरणारा आणि तपासणारा. “चिठ्ठी नसलेली बाटली आंधळी,” ते म्हणत. “आणि चिठ्ठी एक न् आत दुसरंच, ती बाटली खोटारडी. आंधळीला एक वेळ माफी आहे, खोटारडीला नाही.” एकदा विभागप्रमुखांनीच घाईत एका बाटलीत दुसरंच द्रावण ओतून ठेवलं, तर मामांनी ती त्यांच्या देखत मोरीत रिकामी केली आणि दिवसभर त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी येऊन दिलगिरी व्यक्त केली. परिचराची माफी मागणारे प्रमुख विरळा, पण मामांची जरबच तशी होती.

निवृत्तीनंतर मामांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मामींचे गुडघे उभं राहिलं की दुखायचे, बसून मशीन चालवायला हरकत नव्हती, तेव्हा वाटणी सरळ झाली. आठवड्याभरात ओट्याचं रूप पालटलं. डबे ओळीनं, प्रत्येकावर चिठ्ठी, चहाच्या डब्यावर उघडल्याची तारीख, आणि कोपऱ्यात वजनाचा छोटा काटा. मिठाची बरणी काचेची, घट्ट झाकणाची, वर ठसठशीत अक्षरांत ‘मीठ’. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. ती आली की हसायची, “आई, तुझ्या स्वयंपाकघरात आता पांढरा कोट घालून यावं लागणार.”

“ये की,” मामी म्हणायच्या. “आमच्याकडे भाजी शिजत नाही, तयार होते.”

मग मामींचा रक्तदाब वर गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मूत्रपिंडं थोडी मंदावली आहेत, जपा, असं सांगितलं आणि मीठ जवळजवळ बंद केलं. मामांनी ते शब्दशः पाळलं, कारण शब्दशः न पाळणं त्यांना जमतच नसे. पहिल्याच दिवशी मामींनी घास तोंडात घेतला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, “अळणी.”

दुसऱ्या दिवशीही अळणी. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट अर्ध्यावर सरकवलं. मामांनी लिंबू पिळलं, मिरी घातली, लसूण घातली. मामी ओळीनं सगळ्याला नावं ठेवत गेल्या आणि महिनाभरात गळ्याची हाडं दिसायला लागली. पन्नास घरांचे कपडे मापणारी बाई स्वतःच्याच कपड्यांना आतून टीप घालू लागली, हे मामांनी पाहिलं. आपल्या हातचं जेवण बायकोला शिक्षा वाटते आहे, याच्यापुढे त्यांना बाकी काही सुचेना.

अशात एके दिवशी दुकानात त्यांना ते पाकीट दिसलं. कमी सोडियमचं मीठ. मामांनी उलटून बघितलं. चष्मा घरी राहिलेला, पण मोठ्या अक्षरांतलं वाचता आलं: पोटॅशियम क्लोराइड. त्याखाली मुंगीच्या पावलांएवढी आणखी बरीच अक्षरं होती. आम्लाच्या बाटलीवरचा शब्द न् शब्द वाचणारे मामा इथं पुढे गेले नाहीत. नाव ओळखीचं निघालं की आपण पुढची चौकशी करतो कुठं?

घरी आले तेव्हा मामी मशीनवर होत्या, तर मामा त्यांच्या मागे उभे राहून तक्त्याकडे बघत राहिले. पहिली रांग. सोडियम, आणि लगेच खालच्या घरात पोटॅशियम. सख्खे भाऊ. थोरल्याला बंदी आहे, तर धाकटा काम करेल. एकच घराणं, एकच स्वभाव. डॉक्टरांना एवढं सुचू नये आणि ते आपल्याला सुचावं, याचा त्यांना आतून जो आनंद झाला तो चौतीस वर्षं नुसतं खाकरण्यात गेलेल्या माणसालाच कळेल.

“काय बघताय?” मामींनी मान न वळवता विचारलं.

“काही नाही. टीप बघतोय. पक्की आहे अजून.”

मामींना सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. सांगितलं तर ती डॉक्टरांना विचारा म्हणणार, आणि डॉक्टर काय, सगळ्यालाच नको म्हणतात. शिवाय मामांना तिच्या नकळत तिच्या तोंडून ‘छान झालंय’ ऐकायचं होतं. त्यांनी मिठाची बरणी रिकामी केली, धुतली, कोरडी केली आणि पाकीट तिच्यात ओतलं. बरणीवर चिठ्ठी होती तीच राहिली. मीठ.

दुसऱ्या दिवशी जेवताना मामा स्वतःचा घास हातात धरून मामींच्या तोंडाकडे बघत बसले. मामींनी खाल्लं. क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “आज जमलंय हो.” आणि पुन्हा भाजी मागितली.

मामांना आकाश ठेंगणं झालं. त्यानंतर तीन आठवडे घरात जणू सण होता. चव थोडी कमी पडते असं वाटून त्यांनी माप वाढवलं, आता भीती कसली? मामी रोज जेवत होत्या, रोज दोनदा वाढून घेत होत्या, आणि मामा रोज ओट्याशी शीळ घालत होते.

बाविसाव्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज मध्येच बंद पडला. मामा आतून म्हणाले, “दोरा तुटला का?”

“दोरा नाही,” मामी म्हणाल्या. “पाय उचलत नाहीये.”

मामा बाहेर आले. मामींचे दोन्ही पाय पायट्यावर होते आणि त्या त्यांच्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तसं बघत होत्या. “शिसं भरल्यासारखं झालंय. छातीत पण कसंसंच होतंय. मध्येच थांबल्यासारखं.” मामांनी मनगट धरलं. ठोका लागला, मग बराच वेळ लागलाच नाही, मग लागला. त्यांनी लेकीला फोन केला, आणि अर्ध्या तासात मामी दवाखान्यातल्या खाटेवर होत्या, छातीला तारा लावलेल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तारांच्या यंत्रातून निघालेली पट्टी त्यांनी डोळ्यांसमोर धरली, परिचारिकेला काहीतरी भरभर सांगितलं आणि रक्त तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा त्या पुन्हा खाटेशी आल्या.

“रक्तातलं पोटॅशियम खूप वाढलंय,” त्या म्हणाल्या. “पाचच्या आत असायला हवं, काकूंचं सहा पूर्णांक नऊ आहे. याच्या पुढे गेलं तर हृदय थांबू शकतं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोटॅशियम धरून ठेवतात, मूत्रपिंडं कमजोर आहेत, हे खरं. पण एवढं? कसली पावडर, काढा, कुणी सांगितलेलं औषध, काही चालू होतं?”



लेक म्हणाली, “छे हो. बाबाच स्वयंपाक करतात. काट्यावर मोजून. त्यांच्या हातून एक कण इकडचा तिकडे व्हायचा नाही.”

तिनं हे अभिमानानं म्हटलं, आणि तेच मामांना सगळ्यात जास्त लागलं. चौतीस वर्षांत मिळवलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं. ते तसंच राहू द्यायचं असेल तर फक्त गप्प बसायचं होतं. बरणी घरी होती, पाकीट कचऱ्यात गेलं होतं, कुणाला काही कळलं नसतं. मामांच्या डोक्यात हे सगळं आलं, आपण खोटं कशाला बोला. पण डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या, आणि खाटेवर मामी डोळे मिटून पडल्या होत्या, आणि यंत्रावरचा ठिपका मध्येच रेंगाळत होता.

“मीठ,” मामा म्हणाले. मग त्यांनी हळूच खाकरलं. या वेळी चूक त्यांचीच होती. “मीठ बदललं मी. पोटॅशियम क्लोराइड. एकवीस दिवस. दोघांत मिळून दिवसाला आठ ग्रॅम, शेवटचे दहा दिवस नऊ. तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “आठ ग्रॅम. नक्की?”

“तोलून घालायचो.”

“बरं.” त्यांनी कागदावर खूण केली. “कारण कळलं हे फार बरं झालं. नाहीतर मी आता भलतंच शोधत बसले असते.” आणि त्या वळून कामाला लागल्या.

लेकीनं मामांना दंडाला धरून बाहेर नेलं. “तुम्ही? बाबा, तुम्ही? माझ्या हातून चहाच्या डब्यात कॉफी गेली तर दोन दिवस बोलायचा नाहीत. खोटारडी बाटली, खोटारडी बाटली, लहानपणापासून ऐकतेय मी.” तिचा आवाज चढला आणि मग एकदम रडका झाला.  अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मामांनी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवलं होतं. आता ते स्वतःला ऐकवत भिंतीशी उभे राहिले.

परिचारिका ट्रे घेऊन आत चालली होती. मामांची नजर सवयीनं कुपीवरच्या चिठ्ठीवर गेली. कॅल्शियम ग्लुकोनेट.

“दुसरी रांग,” ते पुटपुटले.

“काय म्हणालात?” मागून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पोटॅशियमच्या उजव्या हाताचा शेजारी. कॅल्शियम. ते हिच्या कामी येतं का?”

डॉक्टरीणबाईंना घाई होती, तरी त्या अर्धा क्षण थांबल्या. “येतं. पोटॅशियम कमी नाही करत ते, पण तोवर हृदयाला सांभाळून धरतं. मग इन्सुलिन आणि साखर देऊ, म्हणजे पोटॅशियम रक्तातून पेशींत परत जाईल. काका, सोडियम पेशीच्या बाहेर राहतं, पोटॅशियम आत. या दोघांच्या ओढाताणीवर हृदय चालतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.”

“पण पेशीला कळतं कसं, कोण कुठला?”

“मुख्यतः आकारावरून,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आकारावरून. मामा बाकावर बसले. रांगेत खाली जावं तसं घर मोठं होतं, हे त्यांनी हजारदा सांगितलं होतं. मिठातल्या पोटॅशियमनं आपला इलेक्ट्रॉन आधीच देऊन टाकलेला असतो, तो काही पेट घेत नाही, गरीब असतो. पण देऊनही तो सोडियमपेक्षा थोराडच राहतो, आणि शरीर तेवढ्यावरून त्याला ओळखतं. घराणं एक, हे मामांनी लक्षात ठेवलं. घरं दोन आहेत, हे सोडून दिलं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चुकला असता तर त्यांनी त्याला तयारीच्या खोलीत बोलावून पुन्हा शिकवलं असतं.

दुपारी दोनला निकाल आला, सहा पूर्णांक एक. पाचला आला, पाच पूर्णांक सहा. मामा प्रत्येक आकडा हातरुमालावर पेनानं लिहीत गेले, कागद मागायचं सुचलं नाही. लेक शेजारी येऊन बसली. तिनं चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. “चार पूर्णांक आठ. ठोके अगदी नीट पडताहेत. पाय हलवताहेत आणि विचारताहेत, मशीनवरचं कापड कुणी हलवलं तर नाही ना.”

मामांचा जीव भांड्यात पडला. ते इतके मोठ्यांदा रडले की समोरच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस धीर द्यायला उठला, आणि चांगली बातमी आहे हे त्याला पटवून द्यायला लेकीला बराच वेळ लागला.

मामींना त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं आणि “घरी गेल्यावर बघू” एवढंच म्हणाल्या. हे वाक्य लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला चांगलं ओळखता येतं. मामा घरी जायची वाट बघत होते आणि घाबरतही होते.

चौथ्या दिवशी मामी घरी आल्या. आधी मशीनपाशी गेल्या, पायट्यावर पाय टेकवला, चाक फिरलं. मग स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसल्या. मामांनी ती बरणी त्यांच्यासमोर आणली आणि वरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. आतलं सगळं मोरीत रिकामं केलं, अगदी पूर्वी प्रमुखांसमोर केलं होतं तसं.

“खोटारडी होती ती,” ते म्हणाले. “मी केली.”

“एकटे तुम्ही नाही,” मामी म्हणाल्या.

“म्हणजे?” मामांनी विचारलं.

“मला काय जीभ नाही का? पहिल्याच घासाला कळलं, काहीतरी वेगळं आहे. कडवट लागत होतं, पैसा चघळल्यासारखं. पण तुम्ही घास हातात धरून असे बघत होतात माझ्या तोंडाकडे, परीक्षेचा निकाल लागायचाय जणू. काय म्हणणार मी? जमलंय म्हटलं. तुम्ही एवढे खूश झालात की वर आणखी मागून घेतलं. मग रोजच घ्यावं लागलं.” त्यांनी पदर सारखा केला. “तुम्ही शीळ घालायला लागला होतात हो. किती वर्षांनी.”

 मामांनी रिकामी बरणी ओट्यावर ठेवली.

“आणि एक सांगू?” मामींनी बाहेरच्या भिंतीकडे हात केला. “तो तक्ता मी शिवलाय. सोडियमचं घर वर, पोटॅशियमचं खाली, माझ्या लक्षात आहे. दोघांच्या मध्ये टीप घातलीय मी. दुहेरी. ती काय शोभेला घातली?”

मामांना हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी बरणी धुतली, पुसली, साधं मीठ भरलं. नवी चिठ्ठी कापली. मीठ, साधं, सोडियम क्लोराइड. तारीख. भरणारा, आणि खाली सही. मग पेन मामींच्या पुढे धरलं. मामींनी बरणीत बोट घातलं, जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि ‘तपासणारी’ असं लिहून खाली आपलं नाव लिहिलं, मोठ्या गोल अक्षरांत. जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर काचेवर गेलं.

त्या दिवशी मामांनी भाजी केली. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मीठ, म्हणजे नसल्यातच जमा. ताट वाढलं आणि या वेळी त्यांनी मामींच्या तोंडाकडे बघितलं नाही. आपल्या ताटाकडे बघत बसले. मामींनी घास घेतला, चावला, गिळला.

“अळणी,” त्या म्हणाल्या. “अगदीच अळणी.”

“खरंच?”

“तर काय. घशाखाली उतरत नाहीये.”

“बरं झालं,” मामा म्हणाले, आणि दवाखान्याच्या त्या सकाळपासून पहिल्यांदाच पोटभर जेवले.